मधली रात्र

(नागपूर येथे एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या दिवंगत गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या घराच्या ओसरीवर एक घोंगडी आणि पाण्याने भरलेला एक तांब्या वर्षानुवर्षे केवळ वाटसरूंसाठी ठेवलेला असे, आणि रात्री तो कोणी वापरला याची विचारपूस सकाळी घरात कोणी करीत नसे, असे त्यांच्या जुन्या शेजाऱ्यांनी मला सांगितले, तेव्हाच आजच्या व्याख्यानाचा विषय माझ्यापुरता निश्चित झाला. अनोळखी माणसाशी अकल्पितपणे जुळलेला स्नेह, हा तो विषय होय. त्याचे तात्त्विक विवेचन करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु असा एक स्नेह माझ्या वाट्याला आला, त्यात ऐन वेळी मी कमी पडलो, आणि त्या कमी पडण्याचा अर्थ मला पुढे आपल्या या वैदर्भीय भूमीतच घडलेल्या दोन प्रसंगांच्या प्रकाशात हळूहळू उमगत गेला, एवढ्याच आधारावर मी आपल्यापुढे उभा आहे.

साठ वर्षांपूर्वी विद्यार्थी म्हणून मी नागपुरास आलो, तेव्हा महालातील एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही तिघांनी मिळून एक खोली भाड्याने घेतली होती. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांना कौलारू माडीची संध्याकाळ कशी असते हे सांगावयास नको. दिवसभर तापलेली कौले सूर्य मावळल्यावरच खरी उष्णता खाली सोडू लागतात. म्हणून चैत्र लागला की दिवेलागणीच्या सुमारास मी पुस्तक घेऊन शुक्रवारी तलावावर, ज्यास आता गांधीसागर म्हणतात, एका पायरीवर जाऊन बसत असे. बसावयास खाली काही असावे म्हणून आईचे एक जुने, विरलेले लुगडे चार पदरी घडी करून नेत असे. घरून निघताना आईने ते अंथरुणावर घालण्यासाठी दिले होते, आणि परगावी राहणाऱ्या मुलाला आईच्या जुन्या लुगड्याचा जो आधार असतो तो मलाही होता.

त्याच पायरीवर साठीच्या घरातला एक इसम रोज येऊन बसे. अंगात धुवट बंडी, आणि तेवढ्या उकाड्यातही खांद्यावरून दोन्ही हात झाकतील अशी पांघरलेली एक सुती चादर. पंधरा-वीस दिवस आम्ही एकमेकांशी एक अक्षरही बोललो नाही. मग एका संध्याकाळी, मी घडी उलगडून अंथरीत असता, तो पायरीकडे पाहत म्हणाला, "लुगडं आपल्या इकडचंच आहे जी. काठ पाहा ना." आणि त्या काठाच्या रेशमाचा पोत, त्याचा रंग, सुताचा बारीकपणा यांवरून ते कोणत्या भागातल्या मागावर निघाले असावे, याचा त्याने जो अंदाज सांगितला, तो मी सुट्टीत आईला विचारला तेव्हा बरोबर निघाला. माझी आई त्याने पाहिली नव्हती, माझे नाव त्याला ठाऊक नव्हते. पण तिचे लुगडे त्याला वाचता आले.

तो कोष्टी होता. गोळीबार चौकाच्या बाजूस त्याचे घर, आणि घरात वाडवडिलांपासून माग. पुढील दोन महिन्यांत मला त्याने जे शिकविले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला आढळले नसते. सुताला खळ कशी देतात आणि पावसाळ्यात ती का बिघडते. बायकामुलांनी कांड्या भरून दिल्या नाहीत तर मागावर बसलेल्या पुरुषाचे हात कसे रिकामे राहतात. म्हणजे ज्या कापडावर एकाचे नाव लागते त्यात चौघांचे श्रम कसे असतात. आपल्या गावात १८७७ साली जमशेदजी टाटांनी एम्प्रेस मिल सुरू केली, हा इतिहास मला परीक्षेपुरता पाठ होता; परंतु गिरणीच्या सुताने हातमागाला आधी कसे पोसले आणि गिरणीच्या कापडाने त्याच हातमागाला नंतर कसे उपाशी ठेवले, हे मी त्या पायरीवर, आपल्या आजोबांचे आणि बापाचे दिवस आठवून सांगणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकले. मी त्याला काकाजी म्हणू लागलो, तो मला बाबू म्हणे. नाव आम्ही एकमेकांना विचारले नाही. आपल्याकडे दोन माणसे भेटली की गाव कोणते, आडनाव काय, कोणाचे कोण, ही चौकशी पहिल्या पाच मिनिटांत उरकली जाते, आणि तिच्या उत्तरांवर पुढचे बोलणे किती व्हावयाचे हे ठरते. ती चौकशी आमच्यात चुकून राहून गेली, आणि मला वाटते, म्हणूनच बोलणे इतके दूरवर गेले.

वैशाखातल्या एका संध्याकाळी वावटळ उठली. त्याच्या अंगावरची चादर उडाली आणि ती धरण्यासाठी त्याचे दोन्ही हात एकाएकी बाहेर आले. उजव्या हाताची बोटे आत वळून तशीच राहिलेली होती. डाव्या हाताची दोन बोटे अर्धी होती. आमच्या गावाकडे या रोगाला रक्तपिती म्हणत, आणि ते नाव उच्चारताना बायका आवाज खाली आणीत. त्याने चादर सावरली. मी उद्या परीक्षा आहे असे काहीतरी पुटपुटलो, घडी उचलली आणि निघालो. परीक्षा नव्हती.

नऊ दिवस मी तलावावर गेलो नाही. त्या नऊ दिवसांतली एक गोष्ट सांगितल्यावाचून हे कथन प्रामाणिक व्हावयाचे नाही. पहिल्याच रात्री खोलीतल्या सोबत्यांच्या नकळत मी आईचे ते लुगडे धुण्याचा सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकले आणि घटकाभर तसेच उकळू दिले. सकाळी ते वाळले तेव्हा त्याचा काठ, जो त्या माणसाने वाचला होता, विटून गेला होता आणि रेशीम हाताला राठ लागत होते. ते हातात धरून मी बराच वेळ बसलो. भीतीने माणूस काय करतो याचे चित्र मला पुढे कोठेही शोधावे लागले नाही. ते माझ्या ट्रंकेत घडी करून ठेवलेले होते.

दहाव्या दिवशी मी गेलो. तो तेथेच होता. मात्र नेहमीच्या पायरीवर नव्हता. एक पायरी खाली उतरून, वारा माझ्या बसण्याच्या जागेवरून त्याच्याकडे जाईल अशा बेताने तो बसला होता, आणि वरची पायरी त्याने माझ्यासाठी रिकामी ठेवली होती. "या जी बाबू," तो म्हणाला, "वारा तिकडून आहे. तुमी वरच बसा." मी रोज येत नव्हतो तरी त्याने, मला वाटते, रोज तसेच बसावयास सुरुवात केली असावी. माझ्या भीतीला त्याने जागा करून दिली होती. मग थोड्या वेळाने त्याने सहज विचारले, "लुगडं नाही आणलं?" मी काही बोललो नाही. खरे काय ते सांगण्यास मला आणखी पंधरा दिवस लागले. मी सांगितले, तेव्हा तो बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिला; मग म्हणाला, "रेशीम सोड्यात उकळू नाही जी. रिठ्याचं पाणी घ्यावं, अन् तेही कोमट." यापलीकडे त्याने त्या विषयावर एक शब्दही काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सभ्य स्त्रीपुरुषहो, भेट आणि स्नेह यांच्यामध्ये एक मुदत असते. अनोळखी माणूस आपल्यापुढे येतो तो आगाऊ सूचना देऊन येत नाही. आपली तत्त्वे, आपली उदारता, आपली वाचलेली पुस्तके यांची जमवाजमव करण्यास तो अवसर देत नाही. आणि त्यामुळे पहिल्या क्षणी आपल्या हातून जे घडते ते आपल्या विचारांचे नसते, आपल्या रक्तात जे मुरलेले असते त्याचे असते. त्यानंतर एक मधली रात्र येते. स्नेह व्हावयाचा की नाही, हे त्या रात्री ठरते. माझी ती रात्र नऊ दिवसांची होती. ज्या दोघांविषयी आता बोलणार आहे ते माझ्याहून सर्वतोपरी थोर. पण त्यांनाही अशी रात्र चुकली नव्हती, हे कळल्यावर मला जो धीर आला तो मी आपल्यापासून लपवीत नाही.

पहिला प्रसंग येथून पाऊणशे किलोमीटरांवर घडला. परचुरेशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. १९३२ साली ते येरवड्याच्या तुरुंगात राजबंदी होते, आणि त्याच तुरुंगात महात्मा गांधी होते. शास्त्रीबुवांना कुष्ठरोग झालेला असल्याने त्यांना वेगळे ठेवण्यात आले होते. प्रत्यक्ष भेटीस तुरुंगाच्या नियमांची आडकाठी, म्हणून एकाच आवारातील दोन कैद्यांत पत्रव्यवहार चालला. पुढे १९३९ साली रोग बळावलेल्या स्थितीत शास्त्रीबुवा वर्ध्याजवळच्या गांधीजींच्या आश्रमापाशी आले. त्या गावाचे नाव तेव्हा शेगावच होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावाशी टपालाचा घोटाळा होऊ लागला म्हणून १९४० साली ते सेवाग्राम झाले. शास्त्रीबुवा आत आले नाहीत, दूरच थांबले. ओळखीचा माणूस होता. पण या रोगाचा असा गुण आहे की तो ओळखीच्या माणसाला नव्याने अनोळखी करून टाकतो, आणि ज्या दारातून तो पूर्वी निःशंकपणे आत गेला असता त्याच दाराबाहेर त्याला उभे करतो.

गांधीजींनी तत्काळ होकार दिला नाही, ही गोष्ट चरित्रग्रंथांत घाईने ओलांडली जाते, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. आश्रमात स्त्रिया होत्या, मुले होती, दुबळ्या प्रकृतीची माणसे होती. स्वतःच्या जिवावर उदार होणे एक, आणि विश्वासाने आपल्या आश्रयास आलेल्या दुसऱ्यांचा जीव पणास लावणे निराळे. त्या काळी रोगाच्या संसर्गाविषयी आजच्याइतकी निश्चिती नव्हती. त्यांचे मन दुभंगले होते. त्यांनी तो प्रश्न आश्रमवासीयांपुढे ठेवला, त्यांची संमती घेतली, आणि मग आपल्या कुटीपासून जवळच शास्त्रीबुवांसाठी झोपडी उभारविली. पुढे ते स्वतः नित्यनेमाने त्यांच्या जखमा पाहत, अंगाला मालिश करीत. ते छायाचित्र आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. छायाचित्रात जे दिसत नाही ते असे की, शास्त्रीबुवा आश्रमातील मंडळींना संस्कृत शिकवीत. सेवा घेणारा देत होता आणि सेवा करणारे घेत होते. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालला म्हणूनच मी त्याला स्नेह म्हणतो. तो एकाच बाजूने चालला असता तर त्याला उपकार म्हणावे लागले असते, आणि उपकाराचे ओझे दुर्बळाच्या पाठीवर रोगाहूनही जड होते. १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरुग्णांसाठी धाम उघडले होते. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस तेथे गेले आणि १९४५ साली ते तेथेच निवर्तले.

दुसरा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असल्यामुळेच तो आपण नीट ऐकत नाही. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हिंगणघाटास १९१४ साली जन्मलेले, जमीनदार घराण्यातले, याच नागपुरात कायदा शिकलेले, वकिलीत जम बसलेले. शिकारीचा नाद, वेगवान गाडीचा नाद, आणि निर्भयतेची अशी ख्याती की गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले होते. वरोऱ्यास नगरपालिकेच्या कारभारात असता भंग्यांच्या दुःखाची प्रचीती घ्यावी म्हणून त्यांनी स्वतः डोक्यावर मैल्याची टोपली घेतली. त्याच काळात, पावसात, रस्त्याच्या कडेला त्यांना एक देह पडलेला दिसला. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे. तो तुळशीराम होता. आणि अभयसाधक तेथून पळाले.

मग ते परतले. त्याच्या अंगावर आडोसा उभा केला, त्याला धुतले, भरविले, आणि तो जाईपर्यंत त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम फार दिवस जगला नाही. दोघांचे काही विशेष संभाषण झाले असेल असेही नाही. तुळशीरामाने बाबांना काय शिकविले, असे कोणी विचारले तर एक वाक्य दाखविता येणार नाही. परंतु ज्याने कोणाचीच भीती जाणली नव्हती त्याला त्या एका असहाय देहाने त्याच्या भीतीची हद्द दाखवून दिली, आणि ती हद्द ओलांडण्यासाठी बाबांनी उरलेले सर्व आयुष्य खर्ची घातले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली. कलकत्त्यास जाऊन त्यांनी या रोगाचे शास्त्रीय शिक्षण घेतले. कुष्ठाचे जंतू १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी शोधले होते, पण प्राण्यांच्या शरीरात ते वाढवून अभ्यास करण्याची सोय तोवर झालेली नव्हती. तेव्हा बाबांनी प्रयोगासाठी आपलेच शरीर पुढे केले आणि ते जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. पुढे १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर, मूठभर रुग्ण आणि एक लंगडी गाय यांच्यासह, आनंदवन सुरू झाले, आणि पहिले काम विहीर खणण्याचे निघाले.

तेथे पिकलेला भाजीपाला वरोऱ्याच्या बाजारात प्रारंभी कोणी घेईना. ही कोंडी फुटली तीही परक्यांमुळेच. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या, पहिल्या महायुद्धाच्या राखेतून निघालेल्या संस्थेचे तरुण स्वयंसेवक देशोदेशींहून आले, आनंदवनात राहून त्यांनी इमारतींचे काम केले आणि तीच भाजी ते जेवले. सातासमुद्रांपलीकडचे, भाषाही न जाणणारे पाहुणे जे निःशंकपणे खातात ते आपण का नाकारावे, असा प्रश्न गावाला पडला. शेजारी जे बारा वर्षांत सांगू शकला नसता ते अनोळखी माणसाने ताटावर बसून सांगितले.

येथे एक गोष्ट मला माझ्याच प्रतिपादनाविरुद्ध सांगितली पाहिजे. मधली रात्र सर्वांनाच लागते असे नाही. बाबांच्या पत्नी साधनाताई, पूर्वाश्रमीच्या नागपूरच्या घुले घराण्यातील इंदू, यांना बाबांनी प्रथम पाहिले ते एका लग्नघरी. सर्व मंडळी समारंभाच्या गडबडीत असता ही मुलगी हळूच बाजूला सरकून एका म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुण्यास हात लावीत होती. कोणी सांगितले नव्हते, कोणी पाहत आहे याची तिला जाणीव नव्हती, आणि त्या क्षणी तिच्या मनात काही झगडा झाला असेल अशी खूणही नाही. अशी माणसे असतात. त्यांना पळून परत यावे लागत नाही, कारण त्यांचे पहिलेच पाऊल योग्य दिशेस पडते. आनंदवनाचा इतिहास लिहिताना पळून परतलेल्याची कथा आपण अधिक रंगवितो, कारण तीत नाट्य आहे. परंतु १९४६ च्या विवाहानंतर ज्या स्त्रीने रुग्णांच्या वस्तीत चूल मांडली आणि मुले वाढविली, तिच्या त्या पहिल्या, न अडखळलेल्या पावलाला आपण पुरेसे स्थान दिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यक्तीची मधली रात्र काही तासांची वा काही दिवसांची असते. समाजाची आणि सरकारदरबाराची किती मोठी असते याचाही हिशेब एकदा मांडावा. निष्कांचन कुष्ठरुग्णाला पकडून डांबून ठेवण्याचा अधिकार देणारा कायदा हिंदुस्थान सरकारने १८९८ साली केला. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली आणि कडू कवठाच्या तेलावर विसंबून राहण्याचे दिवस सरले. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाच वेळी अनेक औषधे देण्याच्या पद्धतीची शिफारस केली आणि रोग नियत मुदतीत पूर्ण बरा होऊ लागला. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसांना या रोगाविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते, हेही सिद्ध झाले. हे सर्व होऊन गेल्यावर १८९८ चा तो कायदा दफ्तरातून निघाला कधी, तर २०१६ साली. नवऱ्याला वा बायकोला कुष्ठ झाले हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद निघाली २०१९ साली. औषध सापडल्यावरही सरकारी कागदावरची भीती दोन पिढ्या तशीच राहिली. काकाजीचा रोग, मला मागाहून कळले, तलावावर आमची भेट होण्यापूर्वीच औषधाने शमलेला होता. बोटे वाकडी राहिली होती ती राहिली होती. त्यांच्यापासून मला काडीचाही धोका नव्हता. मी ज्याला भिऊन पळालो ते नऊ दिवस आधीच काय, कित्येक वर्षे आधी संपलेले होते.

या रोगाविषयी एक वस्तुस्थिती त्याने मला समजावून दिली ती वैद्यकाच्या पुस्तकात मी नंतर वाचली. बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. रोग मज्जातंतूंवर आघात करतो, स्पर्श आणि वेदना नाहीशा होतात, आणि मग विस्तव, काटा, धारदार कड यांची जाणीव न झाल्यामुळे जखमा होत राहतात, त्या चिघळतात आणि हात झिजत जातो. विणकराच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, ते त्याने दोन वाक्यांत सांगितले. धागा ताणला गेला की सैल पडला हे कोष्ट्याला डोळ्यांनी कळत नाही, बोटांनी कळते. ज्या दिवशी बोटांना धागा कळेनासा झाला त्या दिवशी तो मागावरून उठला, आणि तेव्हा घरात अजून कोणाला काही दिसलेलेही नव्हते. त्याने घरच्यांना सांगितले नाही. डोळे अधू झाले म्हणाला. दुखणे नाहीसे होणे हे केवढे संकट आहे, याचा विचार मी त्यापूर्वी कधी केला नव्हता, आणि त्यानंतर तो विचार मला कधी सोडून गेला नाही. माणसाच्या हातांविषयी तो बोलत होता. मी मात्र लुगडे उकळत्या पाण्यात टाकणाऱ्या माझ्या हातांकडे पाहत होतो, ज्यांना त्या रात्री काहीच लागले नव्हते.

पावसाळा लागला आणि तो तलावावर यावयाचा बंद झाला. मला त्याचे नाव ठाऊक नव्हते, घर नेमके कोणते ते ठाऊक नव्हते. गोळीबार चौकाकडे जाऊन मी मागांचे आवाज ऐकत गल्ल्यांतून फिरलो. पण वाकड्या बोटांच्या म्हाताऱ्याविषयी चौकशी करणे म्हणजे त्याने आयुष्यभर झाकलेले त्याच्याच शेजाऱ्यांपुढे उघडे करणे होते, म्हणून काही न विचारता परत आलो. नाव न विचारण्यातला जो मोठेपणा मी मघाशी वर्णिला, त्याची ही दुसरी बाजू होय, आणि तीही सांगितली पाहिजे.

दोन वर्षांनी हिवाळ्यात त्याचे एक कार्ड आले. ते दुसऱ्या कोणी लिहून दिलेले होते, आणि पत्त्यावर माझ्या नावाऐवजी, वाड्याची खूण देऊन, 'माडीवर राहणारे विद्यार्थी बाबू' एवढेच होते. तो वर्ध्याकडच्या एका कुष्ठधामात होता. पुढच्याच रविवारी मी पॅसेंजरने निघालो. बरोबर संत्री घेतली, आणि ट्रंकेतून ते लुगडे काढून घेतले. आदल्या दिवशी रिठे भिजवून, पाणी कोमट करून ते धुतले होते.

तो एका लांब ओसरीवर चटई टाकून बसला होता. खाटेच्या पायाला दोन दोरे बांधून तो एका दहा-बारा वर्षांच्या मुलाला तुटलेल्या धाग्याची गाठ कशी मारतात ते शिकवीत होता. स्वतःच्या बोटांनी त्याला ती मारता येत नव्हती, म्हणून तो मुलाची बोटे नजरेने चालवीत होता. "असं नाही जी, अंगठ्याखालून घे." चादर अंगावर नव्हती. हात उघडेच होते. मला पाहून त्याने मुलाला थांबविले. मी लुगडे त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते मनगटांनी ओढून मांडीवर घेतले, घडी उलगडली, आणि काठाची एक बाजू डोळ्यांजवळ नेऊन तो पुष्कळ वेळ पाहत राहिला. ओसरीच्या दुसऱ्या टोकाने वारा सरळ त्याच्याकडून माझ्याकडे येत होता. त्याने वाऱ्याकडे पाहिले नाही. काठावरची नजर न काढता तो चटईवर थोडा सरकला आणि आपल्या शेजारी त्याने माझ्यासाठी जागा केली.